काकू ऐकत नाहीत

चष्म्याच्या दुकानातल्या काकूंना कमी ऐकू येतं, हे लोकांना कळलं ते त्यांच्या कानातलं मशीन पाहून. आणि त्याच दिवसापासून लोकांनी त्यांच्याशी धड बोलणं सोडून दिलं. कुणी ओरडायला लागलं, कुणी हातवारे करायला लागलं, कुणी त्यांना ओलांडून थेट मालकांशी बोलायला लागलं. नेमकं त्याच दिवसापासून काकूंना नीट ऐकू यायला लागलं होतं, ही त्यातली खरी कटकट.

कान काही एका रात्रीत जात नाहीत. काकूंचे हळूहळू गेले. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा गेली, मग पाठीमागून मारलेल्या हाका गेल्या. त्यांना स्वतःलाच ते उशिरा कळलं. कित्येक वर्षं त्यांची अशी समजूत होती, की लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

दुकानात त्यांचं निभावून गेलं, कारण त्यांचं कामच तसं होतं. गिऱ्हाइकाला चष्मा बसवून द्यायचा. काडी कानामागे टेकते का, नाकावरच्या चकत्या रुततात का, खाली मान घातली की फ्रेम घसरते का, हे सगळं समोरासमोर बसून बघायचं. बोलणाऱ्याचा चेहरा हाताच्या अंतरावर, त्यावर चांगला उजेड. कानांचं अर्धं काम डोळे करत होते. आणि काकूंना ते काम मनापासून आवडायचं. नवा चष्मा चढवल्यावर माणूस दाराबाहेर बघतो आणि समोरच्या झाडाला सुटी सुटी पानं आहेत हे त्याला पहिल्यांदा दिसतं, त्या क्षणीचा त्याचा चेहरा काकूंनी किती वेळा पाहिला असेल, पण त्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. काउंटरमागची ती उंच खुर्ची त्यांची होती. दुसरं कुणी तिच्यावर बसलं तर त्यांना स्वतःच्या चपला दुसऱ्याच्या पायात बघितल्यासारखं व्हायचं.

या सगळ्या वर्षांत त्यांना कुणीही बहिरी म्हटलं नाही. शेजारीण म्हणायची, "शिष्ट आहे, हाक मारली तरी वळून बघत नाही." नवरा म्हणायचा, "हिचं लक्षच नसतं." आणि सासूबाई भेटेल त्याला सांगायच्या, "आमची सून ऐकत नाही." ऐकू न येणं आणि न जुमानणं, दोन्हींची बोळवण आपण एकाच शब्दात करतो. काकूंना त्या शब्दाचा राग यायचा, पण तो त्यांच्या पथ्यावरही पडायचा. हट्टी बाईच्या वाटेला कोणी फारसं जात नाही.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये मामा आले.

प, ब आणि म ही अक्षरं ओठांवर अगदी सारखी दिसतात. एका घरातले दोन चष्मे तयार होऊन आले होते, एक बाबांचा आणि एक मामांचा, दोन्ही काळ्या डब्यांत. घरची मुलगी घाईघाईनं आली आणि म्हणाली, "मामांचा चष्मा द्या, बाहेरगावी निघालेत." काकूंनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि बाबांचा दिला. मामा तो घालून प्रवासाला गेले आणि पहिल्याच जिन्यावर पायरी चुकून पाय मुरगळून परत आले. मग त्या मुलीची आई दुकानात आली.

"मामा आणि बाबा यातला फरक कळत नाही का हो तुम्हाला?"

फरक कळतो, पण दिसत नाही, असं काकूंच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. मालक फक्त म्हणाले, "काकू, जरा ऐकत चला."

काकू त्याच आठवड्यात कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि मशीन घेऊन आल्या. कानामागे शेंगदाण्याएवढा तुकडा, त्यातून निघालेली बारीक नळी कानात. घरी येऊन त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि ऐकतच राहिल्या. नळ टपटपत होता. फ्रीज घुमत होता. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची कवळी खटखटत होती आणि त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, "हा काय चहा? पाण्याला नुसतं दूध दाखवलंय."

"आई, दूध संपलंय. सकाळी आणते," काकू आतून म्हणाल्या.

बाहेर कप बशीवर आदळला.

थोड्या वेळानं सगळा उलगडा झाला, तेव्हा सासूबाईंना आनंद व्हायला हरकत नव्हती. पण त्या नाराजच दिसल्या.

"म्हणजे इतकी वर्षं तू ऐकत नव्हतीस, ते ऐकू येत नव्हतं म्हणून?"

"हो, आई."

"आणि मी जे सगळ्यांना सांगत बसले त्याचं काय?"

आयुष्यभर जपलेली तक्रार अशी एका संध्याकाळी हातची गेली तर माणसानं करायचं काय? सासूबाईंनी थोडा विचार केला आणि त्यातून वाट काढली. "मोठ्यांचं ऐकलं नाही की कान असेच जातात," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात आजवर कुणाला असलं काही लावावं लागलं नाही." हे बोलताना त्यांच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता, तोंडात कवळी होती, गुडघ्याला पट्टा होता आणि हातात काठी होती. ती काठी त्यांनी ठासून सांगण्यासाठी दोनदा जमिनीवर आपटली. काकूंना ते दोन्ही आवाज स्वच्छ ऐकू आले.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. तो बेकरीत भट्टीवर काम करायचा आणि त्याला कुठल्याही गोष्टीचा बोभाटा झालेला खपायचा नाही.

"अगं, घरात वापर ना. बाहेर कशाला? उगाच लोक विचारतील."

"काय विचारतील?"

"हेच, की काय झालं म्हणून."

"मग सांगायचं, कमी ऐकू येतं."

"ते तू सांगशील. त्यांचं पुढचं ऐकावं मला लागेल." तो म्हणाला, "निदान केस पुढे घेत जा. झाकलं जाईल."

काकू घट्ट अंबाडा घालायच्या. खाली वाकून काम करताना केस भिंगांवर पडून चालत नाही. दुसऱ्या दिवशीही त्यांनी अंबाडाच घातला आणि दुकानात गेल्या.

दुकान लांबट आणि अरुंद होतं. दोन्ही भिंतींवर आरसे, आरशांच्या मध्ये फ्रेमांच्या रांगा, शेवटी डोळे तपासायची अंधारी खोली आणि तिच्या पलीकडे काचा घासायची खोली. मालक गल्ल्यामागे बसले होते. मालकांच्या डोक्यावर केस म्हणून उरला नव्हता. दुकानातले सगळे दिवे त्या टकलात उतरायचे.

"काकू, हे काय कानात?"

"मशीन."

"कशाला?"

"ऐकायला."

मालकांनी मान डोलावली, आणि पुढचं वाक्य त्यांनी असं काही मोठ्यानं उच्चारलं की काकूंनी दचकून कानावर हात ठेवला. "बरं! वाटतंय! का!"

तिथून सुरुवात झाली. एक बाई चष्म्याची काडी सैल झाली म्हणून आल्या. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि मालकांना विचारलं, "यांना कळेल ना मी काय सांगते ते?"

"कळेल. सांगा," काकू म्हणाल्या.

"अगबाई, बोलतात की!" बाई मालकांना म्हणाल्या.

एक आजोबा आले. त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांची वर्तुळं करून डोळ्यांना लावली आणि घुबडासारखे टक लावून उभे राहिले. काकू म्हणाल्या, "आजोबा, चष्मा हवाय हे कळलं. चष्म्याच्या दुकानात आलात तेव्हाच कळलं." आणखी एकानं बाजूला घेऊन सांगितलं, की कधीतरी कुणाचं तरी मन दुखावलं असणार, आठवून बघा आणि माफी मागून टाका, फरक पडतो. जवळच्या शाळेतल्या एक शिक्षिका तर गहिवरल्याच. "किती धीराच्या हो तुम्ही! अशातही रोज कामावर येता!"

"पायांनी येते," काकू म्हणाल्या.

शिक्षिकाबाईंना ते लागलं. असल्या माणसांचा स्वभाव थोडा चिडका होतो, असं त्या जाताना हळूच मालकांना म्हणाल्या. हळूच, पण काकूंच्या मशीनच्या टप्प्यात.

काकूंना सगळ्यात जास्त वैताग यायचा तो ही सगळी नाटकं चष्म्याच्या दुकानात चालली होती याचा. इथं येणाऱ्या एकूण एक माणसाला काही ना काही दिसत नव्हतं. डोळ्यांवरचं काढून ठेवलं तर त्यातल्या निम्म्या लोकांना आरशातलं आपलं नाक सापडलं नसतं. त्यांना कुणी आंधळे म्हणत नव्हतं. ते ऐटीत विचारायचे, "ही फ्रेम शोभते का मला? की ती दुसरी, जरा रुबाबदार?" आणि नवा चष्मा लावून बाहेर पडले की ओळखीचे लोक म्हणायचे, वा, छान दिसतोस. काकूंच्या मशीनकडे बघून त्याचा रंग छान आहे असं एकालाही वाटलं नाही. नाकावर चढलं तर वाहवा आणि कानावर चढलं तर हळहळ. या दोन अवयवांत असं किती अंतर आहे?

आठवडाभरानं मालकांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. हे लक्षण काही ठीक नव्हतं.

"काकू. बसा. मी. काय. म्हणतो."

"मालक, सलग बोला. तुकडे केलेत की उलट कळत नाही."

"तुम्ही उद्यापासून आत बसा. काचा पुसायच्या, डब्यांत भरायच्या. शांतपणे."

"आणि काउंटर?"

"मी बघेन. गिऱ्हाईक बिचकतं हो. त्याला वाटतं, चूक होईल."

"चूक झाली ती मशीन नव्हतं तेव्हा."

"तेच म्हणतोय ना! म्हणजे चूक होते!"

कान नव्हते तेव्हा काउंटर काकूंचा होता. कान आणले आणि काउंटर गेला.

"आतलं घासायचं मशीन फार आवाज करतं," त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"पण तुम्हाला त्याचं काय?" मालक खरोखर प्रेमानं म्हणाले. "उलट बरंच की. दुसऱ्या कुणाला तिथं बसवत नाही."

मालक दुष्ट असते तर सोपं झालं असतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. खुर्ची ओढून देणाऱ्याशी कसं भांडायचं?

काचा घासणाऱ्याला सगळे भुंगा म्हणायचे, कारण त्याचं मशीन दिवसभर घुमायचं. भिंग फिरत्या चाकाला टेकलं की जो आवाज निघे, तो कानातल्या मशीनमधून करवतीसारखा थेट कवटीत शिरायचा. पहिल्याच दिवशी काकूंनी मशीन काढून डबीत ठेवलं. म्हणजे ऐकायचं साधन घेतलं आणि अशा जागी जाऊन बसल्या जिथं ते लावता येत नव्हतं. काउंटरवरून मालकांचा आवाज नाही, गिऱ्हाइकाचा चेहरा नाही, झाडाची पानं दिसलेला माणूस नाही. नुसत्या काचा. घरी नवरा म्हणाला, "बरं झालं, आता कुणी बघणार नाही." त्या रात्री काकूंनी त्याला वाढलं, पण पोळी गरम आहे की गार हे विचारलं नाही.

त्या खोलीत एकटा भुंगाच शहाणा निघाला. त्याला काही सांगायचं असलं की तो आधी चाक थांबवायचा आणि मग नेहमीच्या आवाजात बोलायचा.

"काकू, तुम्हीच सांगा," तो एकदा करवादला, "मालक जो नंबर लिहून देतात, तीच काच मी घासतो. तरी हल्ली लोक परत येतात. म्हणतात, चक्कर येते, जमीन वर येते. आणि मालक माझ्यावर डाफरतात. मी काय मनानं नंबर घालतो?"

दुसऱ्या दिवशी भुंगा चहाला गेला. चाक थांबलं होतं म्हणून काकूंनी मशीन कानात घातलं. डोळे तपासायची खोली मधल्या पातळ फळीपलीकडे होती. आत दिवा मालवून मालक कुणाला तरी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावत होते.

"खालची ओळ?"

"नाही दिसत," गिऱ्हाईक म्हणालं.

"छान. आणि त्याच्या खालची?"

"तीही नाही दिसत हो."

"वा! उत्तम!"

अंधारात, मालकांच्या हाताखाली हनुवटी ठेवून, वाद कोण घालणार?

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं. ते "छान", ते "उत्तम", ती थोडी उशिरा हललेली मान, हे सगळं त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. वर्षानुवर्षं त्यांनी तेच केलं होतं. उजेडात मालक ओठ बघून वेळ मारून नेत होते. अंधारात ओठ दिसत नाहीत.

मग एकेक आठवायला लागलं. मालकांना हाक मारावी आणि त्यांनी वर बघू नये, तेव्हा सगळे म्हणायचे, कामात आहेत. विचारावं एक आणि त्यांनी सांगावं भलतंच, तेव्हा सगळे म्हणायचे, मोठ्या माणसाला शंभर व्यवधानं असतात. काकूंना ऐकू आलं नाही तर त्या हट्टी. मालकांना ऐकू आलं नाही तर ते मोठे. आणि मशीन लावलं की बिचारं. कानांची तऱ्हा तिन्ही वेळा एकच, पण खुर्ची कुणाची यावर नाव ठरत होतं!

तरी खात्री करायला हवी होती. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी मालक गल्ल्याला कुलूप लावत होते. भुंगा दारात बसून बूट घालत होता. काकू मालकांकडे पाठ करून फ्रेमांवरची धूळ झटकत होत्या. झटकता झटकता त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मालक, मी उद्यापासून काउंटरवर बसणार. आत जाणार नाही."

"हं, हं. शाबास," मालक म्हणाले.

भुंग्याचा हात नाडीवरच राहिला.

"आणि तुम्हीही कान तपासून घ्या."

"हो हो. सकाळी बघू."

घरी काकूंनी फक्त पहिला भाग सांगितला. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, "मालक आत बस म्हणतोय, तर ऐकावं माणसानं. आता तर ऐकू येतं ना तुला?"

"येतं, आई. चांगलं येतं. पण ऐकणार नाही."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. थोड्याच वेळात त्या फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या, "अगं, मशीन लावलं, तरी ऐकत नाही!" हरवलेली तक्रार त्यांना परत मिळाली होती, आणि या वेळी ती खरीही होती.

सकाळी मालक आले तेव्हा काकू उंच खुर्चीवर होत्या.

"काकू, तुम्ही इथं?"

"काल सांगितलं तुम्हाला. तुम्ही शाबास म्हणालात."

"मी? कधी?"

"म्हणालात, मालक," आतून भुंगा म्हणाला. मालकांनी तिकडे बघितलंही नाही, तेव्हा त्यानं पुढे येऊन, समोर उभं राहून, तेच पुन्हा सांगितलं.

मालक पुटपुटले, "लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात."

काकूंना हसू आलं आणि रागही आला. "ते काल चहाच्या वेळी आलेले गृहस्थ," त्या मालकांकडे तोंड करून म्हणाल्या, "त्यांना खालची ओळ दिसत नव्हती. दोनदा सांगितलं त्यांनी. तुम्ही उत्तम म्हणालात. त्यांची काच अजून घासायची आहे. त्यांना परत बोलवा. आणि भुंग्याला बोलणं सोडा."

काकूंसाठी ओढून दिलेल्या खुर्चीवर मालक स्वतःच बसले. सकाळभर त्यांनी कुणाचे डोळे तपासले नाहीत, आणि काकूंना आत जा असंही म्हटलं नाही. एक ओठांवर उतरलेल्या भरघोस मिश्यांचे गृहस्थ येऊन मालकांशी काहीतरी बोलले, तेव्हा मालकांनी मुकाट्यानं काकूंकडे पाहिलं.

"वाचायचा वेगळा चष्मा घेऊ का, की दोन्हींचा एकच, असं विचारताहेत," काकू म्हणाल्या.

दुपारी दुकान रिकामं झालं. मालकांनी खुर्ची काउंटरजवळ सरकवली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी काकूंशी साध्या आवाजात बोलले.

"काकू, ते तुमचं... कुठून आणलंत?"

"कानांच्या डॉक्टरीणबाईंकडून. येते तुमच्याबरोबर."

"हं. आणि त्यात... दिसणार नाही असं काही मिळतं का? म्हणजे लोक उगाच..."

काकूंनी मालकांकडे पाहिलं. मग नजर जरा वर नेली. टकलात दिवे लखलखत होते.

"मला घरी एकच उपाय सांगितलाय, मालक," त्या म्हणाल्या. "केस पुढे घे म्हणून. तो काही तुमच्या कामाचा नाही."

आत घासायचं चाक अचानक थांबलं. भुंगा हसत असावा.

तेवढ्यात दार उघडलं. ते त्या दिवशीचे घुबडासारखे बघणारे आजोबा आले होते. त्यांनी काकूंना पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि रस्त्यापर्यंत जाईल असा आवाज काढला, "काकूऽऽ! माझा! चष्मा! झाला काऽऽ?"

काकूंनी घाईघाईनं मशीनचा आवाज कमी केला. कानात अजून घंटा वाजत होती.

मालकांचा चेहरा मात्र उजळला. "बघा," ते काकूंकडे वळून म्हणाले, "हे आजोबा किती स्पष्ट बोलतात."